शेवटच्या दृश्यानंतर सातबारा कोणाच्या नावावर?

वाचकांचे प्रश्न

कोवळ्या वयातील प्रेमाचे चित्रपट गरिबी-श्रीमंतीच्या अडसरापाशी आले की नेमके काय करतात, या विषयावर मागील अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतून पाच येथे घेतली आहेत. बहुतेकांनी नाव छापू नये अशी विनंती केली आहे. पानठेल्यावर बसलेला माणूस दोन ओळींवरून पत्र कोणाच्या घरचे ते ओळखतो अशा गावांतून ही पत्रे आली असल्यामुळे ती विनंती आम्ही सर्वांनाच लागू केली असून केवळ ठिकाण दिले आहे.

प्रश्न : मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो. अकरावीच्या वर्गात या विषयावर चर्चा घेतली, तेव्हा मुले म्हणाली की असल्या चित्रपटांचे दोनच शेवट असतात. एक तर बाप मान्य करतो, नाही तर पोरे मरतात. तिसरा शेवट खरोखरच नसतो का? आणि बाप मान्य करतो, तेव्हा नेमके काय बदललेले असते? (एक शिक्षक, ता. आर्णी, जि. यवतमाळ)

उत्तर : आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण तो सुटल्याशिवाय पहिल्याला हात घालता येणार नाही.

राज कपूर यांचा ‘बॉबी’ (१९७३) हा हिंदीतील या प्रकाराचा मूळ साचा म्हणता येईल. श्रीमंत नाथसाहेबांचा, बोर्डिंग शाळेतून नुकताच घरी परतलेला मुलगा राजा आणि जॅक ब्रगँझा या गोव्याकडच्या ख्रिस्ती कोळ्याची मुलगी बॉबी, यांची ती गोष्ट आहे. नाथसाहेब पैसे देऊन प्रकरण मिटवू पाहतात, ब्रगँझाचा स्वाभिमान दुखावतो, मुले पळून जातात, बक्षिसाच्या लोभाने गुंड त्यांच्या मागे लागतात आणि अखेरीस दोघे पाण्यात उडी घेतात. त्यांच्यामागोमाग दोन्ही बापही उडी घेतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याचे लेकरू वाचवून बाहेर काढतो. पटकथेचा हा डाव अतिशय हुशारीचा आहे, कारण दुसऱ्याचे मूल हातात आल्यानंतर त्याला नाकारणे कोणत्याही बापाला अवघड जाते. मात्र पाण्याबाहेर आल्यावर काय बदलले असे विचारले, तर नाथसाहेबांचे मन बदलले, एवढेच उत्तर देता येते. त्यांची मालमत्ता आणि ब्रगँझाचा मासेमारीचा धंदा जेथल्या तेथे आहेत. दोन घरांचा धर्मही वेगळा आहे, पण चित्रपट त्याची फारशी वाच्यता करत नाही आणि सगळा तंटा ऐपतीवर आणून ठेवतो. (जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. भिन्न धर्मांच्या या जोडप्याला आपापला धर्म ठेवून लग्न करायचे असते, तर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली तीस दिवसांची नोटीस द्यावी लागली असती, आणि त्या कायद्यात मुलाचे वय एकवीस लागते. बापाचे मन पाघळल्यानंतरही राजाला काही वर्षे थांबावेच लागले असते.)

आता यातील गुंडांकडे लक्ष द्यावे. ते कशासाठी आणले आहेत? नाथसाहेब आणि ब्रगँझा यांच्यातील भांडण श्रीमंती आणि गरिबीचे आहे, आणि ते तसेच ठेवले तर दोघांपैकी एकाला वाईट ठरवावे लागते. तिसरा कोणी उघड दुष्ट माणूस मध्ये आला की दोन्ही बाप त्याच्या तुलनेत सज्जन ठरतात, त्याच्याशी झुंजताना एका बाजूला येतात आणि मूळ भांडणाचा विषय न सोडवताच बाजूला पडतो. ‘मैंने प्यार किया’ (१९८९) या चित्रपटातही हेच घडते. तेथे तर दोन्ही बाप जुने मित्र आहेत. एकाला पैसा मिळाला आणि दुसरा मागे राहिला, एवढाच फरक. गरीब बाप श्रीमंत मुलाला अट घालतो की स्वतःच्या कष्टाने महिन्याला दोन हजार रुपये कमावून दाखव. मुलगा ट्रक चालवतो, खाणीत राबतो आणि त्याच्या प्रेमाचा खरेपणा सिद्ध होतो.

ही अट मला नेहमीच खटकत आली आहे. श्रीमंताच्या मुलाने थोडे दिवस घाम गाळला की ते तप ठरते. जे लोक जन्मभर तोच ट्रक चालवतात आणि तोच दगड फोडतात, त्यांच्या घामाला मात्र चित्रपटात काहीच मोल नाही, ते केवळ पार्श्वभूमीला उभे असतात. आपल्याकडे पाडव्याला साल धरणारा सालदार वर्षभर वावरात राबतो, पोळ्याला मालकाच्या घरी मानाने जेवतोही. पण त्याच्या मुलाला कोणी मालक असे म्हणत नाही की तू कष्टाळू आहेस हे पटले, आता आमच्या मुलीविषयी बोलू. कष्ट ही परीक्षा असल्याचा देखावा केवळ ज्याला परीक्षा संपल्यावर बंगल्यात परतता येते त्याच्यासाठीच असतो.

मरणाच्या शेवटाविषयी आपल्या विद्यार्थ्यांना एक गोष्ट जरूर सांगावी. असा शेवट धीट वाटतो, परंतु पुष्कळदा तोही सुटकेचाच मार्ग असतो. दोघे मेले की त्यांनी कोठे राहावे, काय खावे, मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर काय लिहावे, हे सगळे प्रश्न त्यांच्याबरोबर जळून जातात आणि प्रेक्षक डोळे पुसत, पण निर्धास्त मनाने टॉकीजबाहेर पडतो.

‘सैराट’ (२०१६) या ठिकाणी वेगळा ठरतो, आणि तो त्याच्या शेवटामुळे वेगळा आहे असे बहुतेक लोक समजतात. मला तो त्याच्या हैदराबादच्या भागामुळे वेगळा वाटतो. करमाळ्याच्या परिसरात बुलेट आणि ट्रॅक्टर चालवणारी, बड्या पुढाऱ्याची मुलगी आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या पारधी कुटुंबातील परश्या, हे दोघे पळून हैदराबादच्या झोपडपट्टीत येतात. इतर चित्रपटांत पळून जाण्यानंतर एखादे गाणे येते. येथे खोलीचा कोंदटपणा, वस्तीतील घाण, परकी भाषा आणि हातात पैसा नसणे हे सारे येते. आर्चीला आयुष्यात प्रथमच कोणाचे तरी ऐकून घ्यावे लागते. डोशाची गाडी चालवणाऱ्या बाईच्या आधाराने दोघांना काम मिळते, परश्या तेथे राबतो आणि आर्ची बाटल्यांच्या कारखान्यात जाऊ लागते. मग परश्याला संशय येतो, तो तिच्यावर हात उगारतो, ती निघून जाते आणि परत येते. गावात असताना तिच्यापुढे दबून असलेला मुलगा शहरात येताच नवरेपणा गाजवू लागतो, हे दिग्दर्शकाने न कचरता दाखवले आहे. दोन घरांतील अंतर लग्नानंतर दोन माणसांतील अंतर बनते, हे आपल्या चित्रपटांनी फारच क्वचित मान्य केले आहे.

आणि तरीही ते अंतर तेथे मिटते. दोघेही मजुरी करतात, दोघांच्याही मागे बापाचा पैसा उभा नाही, हळूहळू घरात चार वस्तू येतात, मूल होते, स्वतःच्या घराचा विचार सुरू होतो. आर्थिक दरी प्रत्यक्ष भरून निघताना मराठी पडद्यावर मी जी काही थोडी दृश्ये पाहिली, त्यांत ही सर्वांत प्रामाणिक आहेत. यानंतर माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात आणि दोघांचा खून करून जातात. ऐपतीचा प्रश्न सुटलेला असतानाच हे घडते, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यावे. जावई आता भिकारी राहिलेला नाही, ही गोष्ट त्या पाहुण्यांना चहा पिताना समोर दिसत असते, आणि त्याने काहीही फरक पडत नाही, कारण राग ऐपतीचा नव्हताच, तो जातीचा होता.

म्हणूनच हिंदी चित्रपट एवढ्या आवडीने ‘गरीब-श्रीमंत’ असे म्हणतो, असा माझा तर्क आहे. पैशाचे अंतर भरून काढता येते, नायकाला नोकरी देता येते, लॉटरी लावता येते, बापाचे मन वळवता येते. जातीचे नाव घेतले की यांपैकी एकही उपाय चालत नाही. ‘सैराट’वरून हिंदीत ‘धडक’ (२०१८) निघाला, तेव्हा गोष्ट उदयपूरला गेली, मुलाच्या बापाला स्वतःचे खानावळवजा हॉटेल मिळाले, जातीचा उल्लेख पुसट झाला आणि दोन घरांतील अंतर एवढे आटले की शेवटच्या हिंसेचे कारण प्रेक्षकाला आपल्या पदरचे घालावे लागते.

राहिला आपला तिसरा शेवट. तो आहे, आणि आपल्या गावांत तोच सर्वांत जास्त घडतो. कोणी मान्य करत नाही आणि कोणी मरतही नाही. बारावीचा निकाल लागतो, मुलीचे लग्न ठरते, मुलगा पुण्याकडच्या एखाद्या कंपनीत कंत्राटी कामावर निघून जातो आणि दोन-तीन वर्षांनी एखाद्या लग्नात दोघे एकमेकांना ओळख न देता जेवून उठतात. ‘टाइमपास’ (२०१४) या चित्रपटाने रिक्षाचालकाचा दहावी नापास मुलगा आणि सुशिक्षित, गाण्याची आवड असलेल्या घरातील मुलगी यांची ताटातूट करून हा शेवट गाठला होता. परंतु २०१५ च्या दुसऱ्या भागात मोठे झालेल्या त्याच दोघांना पुन्हा एकत्र आणले गेले. त्याच वर्षी, म्हणजे २०१४ मध्ये, चित्रपटगृहांत आलेल्या ‘फँड्री’ने चौथाच मार्ग धरला. त्यातील जब्याचे प्रेम त्या मुलीशी धड एक वाक्य बोलण्यापर्यंतही पोचत नाही. तिच्यादेखत त्याला डुक्कर पकडावे लागते आणि शेवटी त्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. आपण वर्गात चर्चेसाठी एकच चित्रपट घेणार असाल, तर हा घ्यावा, कारण येथे तडजोड कोणाशी करायची हेच ठरवता येत नाही.

प्रश्न : मी बारावीत आहे. आम्ही मैत्रिणी मोबाईलवर हिंदीत केलेल्या कोरियन मालिका पाहतो. त्यांत मुलगा नेहमी खूप श्रीमंत आणि मुलगी गरीब असते. उलटे का नसते? (एक विद्यार्थिनी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

उत्तर : तू जे टिपले आहेस ते केवळ कोरियन मालिकांपुरते खरे नाही. ‘बॉईज ओव्हर फ्लॉवर्स’ (२००९) ही मालिका तू पाहिली असशील. तिची नायिका कपडे धुऊन देण्याचे दुकान चालवणाऱ्या घरातील आहे आणि नायक एका अवाढव्य उद्योगघराण्याचा वारस. मुळात ही जपानी चित्रकथा, आणि कोरियाच्या आधी तैवान आणि जपान येथे तिच्या मालिका होऊन गेल्या. एवढ्या देशांतील प्रेक्षकांना ती आपलीच वाटली, याचे कारण सर्वत्र सारखेच असावे. मुलीने सासरी जावे, ही रीत त्या सर्व समाजांनी गृहीत धरलेली आहे. गरीब मुलगी श्रीमंत घरात गेली की तिच्या नशिबाचे कौतुक होते, मालमत्ता मात्र त्याच घराण्याच्या त्याच पुरुषाच्या हाती राहते. तेथे विरोध करणारी बहुधा नायकाची आई असते, कारण घरातील मोठ्या सुनेची जागा कोणाला द्यायची हा तिचा अधिकार धोक्यात आलेला असतो, आणि एकदा तिने सून पसंत केली की गोष्ट संपते.

आता उलट करून पाहा. श्रीमंत घरची मुलगी मजुराच्या मुलाशी लग्न करते. कायद्याने तिचा बापाच्या वडिलोपार्जित जमिनीत भावाएवढा वाटा आहे; महाराष्ट्राने ही दुरुस्ती १९९४ मध्येच केली आणि केंद्राच्या कायद्यात ती २००५ मध्ये आली. म्हणजे तिच्याबरोबर उद्या बारा एकर वावरापैकी चार एकरही त्या घरी जाऊ शकते. आपल्या भागात मुलीचे लग्न झाले की काही दिवसांत तलाठ्याकडच्या कामासाठी म्हणून तिची हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते, हे तू तुझ्या आत्याला किंवा मावशीला विचारलेस तर ती सांगेल. जातीतील, बरोबरीच्या घरी दिलेली मुलगी निमूटपणे सही करते. मर्जीविरुद्ध गेलेली मुलगी करेलच असे नाही. तुझ्या गावात अशा लग्नावरून जो गदारोळ उठतो, त्यात अब्रूचे नाव मोठ्याने घेतले जाते आणि जमिनीचे नाव कोणी उच्चारत नाही, परंतु ती तेथे असते.

चित्रपटांतील श्रीमंत नायिका या बाबतीत फारच सोयीची वागते. ती बापासमोर उभी राहून त्याची सगळी दौलत लाथाडते, अंगावरचे दागिने काढून ठेवते आणि नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडते. प्रेक्षक टाळ्या वाजवतात. वास्तविक त्या एका दृश्यात तिने कागदाशिवाय हक्कसोड करून दिलेली असते आणि तिच्या भावाला वकिलाचा खर्चही करावा लागत नाही. प्रेमही करीन आणि माझा वाटाही घेईन, असे म्हणणारी नायिका मी अद्याप पाहिलेली नाही. तुझ्या पाहण्यात आली तर आम्हांला अवश्य कळव.

प्रश्न : एका गाजलेल्या अमेरिकन शाळकरी प्रेमपटाचा शेवट प्रेक्षकांच्या सांगण्यावरून बदलला होता, असे वाचले. हे खरे काय? (एक वाचक, परतवाडा, जि. अमरावती)

उत्तर : खरे आहे. तो चित्रपट ‘प्रिटी इन पिंक’ (१९८६). लेखक जॉन ह्यूज, दिग्दर्शक हॉवर्ड ड्यूच. अँडी ही शाळकरी मुलगी आपल्या बेकार वडिलांसह रेल्वेरुळांपलीकडच्या गरीब वस्तीत राहते आणि आपले कपडे स्वतःच शिवून घालते. तिच्यावर तिचा लहानपणापासूनचा गरीब मित्र डकी जीव टाकतो, आणि तिला मात्र ब्लेन नावाचा श्रीमंत मुलगा आवडतो. ब्लेन तिला शाळेच्या समारंभाला बरोबर नेण्याचे कबूल करतो आणि श्रीमंत मित्रांच्या टोमण्यांना भिऊन माघार घेतो. लिहिलेल्या आणि चित्रित झालेल्या मूळ शेवटात अँडी डकीबरोबर राहते. प्रदर्शनापूर्वी निवडक प्रेक्षकांना चित्रपट दाखवला, तेव्हा तो शेवट त्यांना मुळीच रुचला नाही आणि तिला ब्लेनच मिळाला पाहिजे, असा त्यांचा कौल पडला. त्यामुळे शेवट पुन्हा चित्रित करावा लागला. तोपर्यंत ब्लेनचे काम करणाऱ्या अँड्र्यू मॅकार्थीने एका नाटकासाठी डोके भादरले होते, म्हणून नव्या दृश्यात त्याला केसांचा टोप घालावा लागला. आजही ते दृश्य पाहताना तो टोप ध्यानात येतो. नव्या शेवटात ब्लेन समारंभात एकटाच येतो, क्षमा मागतो आणि डकी स्वतःच अँडीला त्याच्याकडे जायला सांगतो.

गरीब मित्राकडून हे सांगवून घेणे मला अधिक बोचले. श्रीमंत मुलाला पत्करण्यात अँडीकडे लालचीपणाचा ठपका येऊ नये, म्हणून तिच्या वस्तीतल्याच मुलाकडून संमती वदवून घेतली आहे. ‘बॉबी’तील गुंड जे काम करतात, तेच येथे डकीचा मनाचा मोठेपणा करतो. ब्लेनचे आईबाप या भांडणात कोठेच समोर येत नाहीत. जे काही आडवे येते, ते मित्रांच्या टोमण्यांच्या रूपाने.

याची पुढची गोष्ट आपल्याला ठाऊक नसावी. लेखकाने मूळ शेवट सोडला नाही. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, त्याच दिग्दर्शकाबरोबर त्याने ‘सम काइंड ऑफ वंडरफुल’ हा चित्रपट केला. येथे मुलगा गरीब, त्याची ड्रम वाजवणारी मैत्रीण गरीब, आणि ज्या मुलीवर त्याचे मन जडते ती राहते त्याच्याच वस्तीत, पण वावरते श्रीमंतांच्या कंपूत. वडिलांनी महाविद्यालयासाठी जमवायला लावलेले पैसे खर्चून तो तिच्यासाठी हिऱ्याच्या कुड्या घेतो आणि शेवटी त्या आपल्या मैत्रिणीच्या हाती देतो. प्रेक्षकांनी नाकारलेले उत्तर लेखकाने मुलामुलीच्या जागा बदलून पुन्हा मांडले. गंमत अशी की गरिबाने गरिबाला निवडले, हा शेवट मुलाच्या बाबतीत शहाणपणाचा वाटतो आणि मुलीच्या बाबतीत तिची संधी हुकल्यासारखा वाटतो. वर दारव्ह्याच्या विद्यार्थिनीने जे विचारले आहे, त्याला हा आणखी एक पुरावा.

प्रश्न : मी कास्तकार आहे. माझी मुलगी सतरा वर्षांची असून तालुक्याच्या गावी कॉलेजात जाते. वस्तीतल्या एका मजुराचा मुलगा आणि ती एसटीत एकमेकांशी बोलतात, असे कानावर आले. मोबाईलवर प्रेमाचे पिक्चर पाहूनच हे डोक्यात शिरते, असे मला वाटते. मोबाईल आणि कॉलेज दोन्ही बंद करावे काय? (एक वडील, ता. आर्वी, जि. वर्धा)

उत्तर : तुमच्या पत्रात काळजी आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. कॉलेज बंद करू नका. चित्रपटाने प्रेम कसे व्यक्त करावे याची ढब शिकवली असेल, ते निर्माण केले असे म्हणता येत नाही. तुमच्या काळात वाड्यावरची मुलगी आणि वस्तीतला मुलगा एका बाकावर बसून रोज तासभर प्रवास करत नव्हते. आता करतात, कारण दोघेही शिकत आहेत, आणि त्यांनी शिकावे म्हणूनच ती गाडी सुरू झाली. आणि आजघडीला तुमच्या कानावर आले आहे ते केवळ बोलण्याचे.

चित्रपट ज्या गोष्टी सांगत नाहीत, त्या मात्र मुलीला तुम्हीच सांगाव्यात. पडद्यावर सोळावे वर्ष हे गाण्याचे वय असते. २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यात अठराच्या आतील व्यक्ती बालक असते आणि शरीरसंबंधांना तिने दिलेल्या संमतीला अर्थ उरत नाही. उद्या ही दोघे पळून गेली, तर मुलगा तुरुंगात जाऊ शकतो, आणि त्याच्या बापाजवळ जामिनासाठी धावाधाव करण्याइतके पैसे नसतात. गुन्हा नोंदवायला पोलीस ठाण्यात जाणारा बाप कोण आणि आरोपी म्हणून उभा राहणारा मुलगा कोणाचा, यात वर्गाचे अंतर जेवढे उघडे पडते तेवढे ते कोणत्याही चित्रपटात पडलेले नाही. दुसऱ्या बाजूने, घाबरून तुम्ही तिचे लग्न अठराच्या आत उरकले, तर २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याखाली तुम्ही स्वतः गुन्हेगार ठराल. आणि ती अठरा पूर्ण झाल्यावर तिने कोणाशी लग्न करावे हा तिचा अधिकार आहे. सज्ञान मुलामुलींच्या निवडीत कुटुंबाने किंवा जातपंचायतीने आडवे येऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या शक्ती वाहिनी खटल्यात निःसंदिग्धपणे म्हटले आहे.

मोबाईलविषयी तुमचा निर्णय तुम्ही घ्या. फक्त एक सुचवतो. या चित्रपटांतील बाप पाहा. त्यांतील बहुतेकांना मुलीचे प्रेम तिच्या तोंडून कळत नाही, ते गड्याकडून, भावाकडून किंवा गावातल्या कुचाळक्याकडून कळते, आणि तिला एक शब्द विचारण्याआधी ते मुलाच्या घरी माणसे पाठवतात. तुमच्याही कानावर हे बाहेरूनच आले आहे. तिच्याशी अजून तुम्ही बोललेले दिसत नाही, निदान पत्रात तरी तसा उल्लेख नाही.

प्रश्न : आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांतही गरीब-श्रीमंताचे प्रेम असते. चित्रपटांपेक्षा आमची नाटके वेगळे उत्तर देतात की तेच? (एक नाट्यरसिक, वडसा, जि. गडचिरोली)

उत्तर : वडशाच्या माणसाला झाडीपट्टीविषयी आम्ही काय सांगावे! दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की होळीपर्यंत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत रात्र-रात्र नाटके रंगतात, आणि धान विकून हातात पैसा आलेला प्रेक्षक समोर बसलेला असतो. त्या प्रेक्षकांत मालक आणि मजूर दोघेही असतात, हा महत्त्वाचा फरक आहे. शहरातील चित्रपटगृहात तिकिटाच्या दरानेच एक बाजू वगळली जाते. येथे तसे होत नाही, आणि म्हणून मी पाहिलेल्या नाटकांत श्रीमंत बापावर जेवढी खरमरीत वाक्ये ऐकली, तेवढी पडद्यावर ऐकली नाहीत. विनोदी नट तर मालकाच्या तोंडावर त्याच्या व्याजाचा हिशेब मांडतो आणि मागच्या रांगांतून शिट्ट्या वाजतात.

शेवटाविषयी मात्र माझी एक तक्रार आहे. पहाटे तीन-साडेतीनच्या सुमारास, प्रेक्षक पेंगू लागला की, गरीब नायकाच्या गळ्यातील ताईत किंवा दंडावरची खूण उघडी पडते आणि तो मालगुजाराचाच लहानपणी हरवलेला मुलगा किंवा त्याच्या मित्राचा वारस निघतो. ही युक्ती हिंदी चित्रपटांनीही पुष्कळ वापरली. तिच्यामुळे मालक आपल्या मुलीचे लग्न आनंदाने लावतो खरा, परंतु गरिबाशी लावतच नाही, कारण गरीब असा तेथे कोणी उरलेलाच नसतो. चार तास ज्या मजुराच्या बाजूने आपण टाळ्या वाजवल्या, तो शेवटच्या प्रवेशात स्वतःच मालक होतो, आणि ज्या मजुरीण आईने त्याला वाढवले ती हात जोडून एका कोपऱ्यात उभी राहते. आपल्याकडच्या लेखकमंडळींपैकी कोणी या ताईताशिवाय शेवट लिहिला असेल, तर त्या नाटकाचे नाव आणि पुढचा प्रयोग कोठे आहे ते कळवावे. हंगाम अजून संपलेला नाही आणि वडशाला यायला आम्हांला आवडेल.